शाफ्टवाल्या मोटारसायकलचं मागचं गिअरकेस गळतंय? सील बदलण्याआधी हे वाचा

गळती पहिल्यांदा आईला दिसली. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या पोर्चमध्ये ती रोज सकाळी ठिपक्यांची रांगोळी काढते. एक दिवस म्हणाली, "अरे, रात्रीतून एक ठिपका तुझी गाडी वाढवते बघ." मी हसलो आणि विसरलो. आठ दिवसांनी ठिपक्याचा रुपया झाला होता, आणि मागच्या रिमवर चकचकीत ओघळ उतरला होता.

पुढचे तीन महिने मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून हे लिहितोय. एका गॅरेजात गाडी दाखवली. उस्तादांनी बोटाने ओल पुसून नाकाशी नेली आणि निकाल दिला, "भिया, सील गई." सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी. सील बदललं. सहाशे किलोमीटरवर पुन्हा गळती. पुन्हा सील. चारशे किलोमीटरवर पुन्हा. तिसऱ्या वेळी मी स्वतः बसलो, तेव्हा कळलं की दोन्ही सीलं निर्दोष होती. आत तेल जास्त होतं आणि हवा जायचं भोक चिखलाने बंद होतं. जास्त तेल भरणारा इसम मीच. म्हणून गाडीच्या कंपनीचं नाव इथे घेत नाही, तिचा काही दोष नव्हता.

चेनवाल्या गाड्यांना हा त्रास नसतो, त्यामुळे आपल्याकडे याची माहिती असलेले मिस्त्री कमी. पण बीएमडब्ल्यूच्या आर मालिकेतल्या गाड्या, ट्रायम्फ टायगर १२००, रॉकेट ३, मोटो गुझी, होंडा गोल्डविंग या सगळ्या शाफ्टवर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच आता सेकंड-हँड बाजारात फिरतायत. जुनी शाफ्टवाली गाडी घेतलीत तर एक ना एक दिवस हा ठिपका तुमच्याही पोर्चमध्ये पडणार.

१. आत आहे काय, ते आधी समजून घ्या

गिअरबॉक्समधून एक लांब दांडा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या पोटातून मागे येतो. हा शाफ्ट. त्याच्या टोकाला छोटा दातेरी पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राउनला फिरवतो. गाडीच्या लांबीत फिरणारी ताकद इथे काटकोनात वळून चाकाला मिळते. ट्रकच्या डिफरन्शियलमधलं क्राउन-पिनियन पाहिलं असेल तर हे त्याचंच लहान भावंड समजा. कल्पना जुनी आहे. बीएमडब्ल्यूची पहिली मोटारसायकल, १९२३ सालची आर ३२, शाफ्टवरच चालत होती.

हे क्राउन-पिनियन ॲल्युमिनियमच्या बंद घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, स्वतःच्या वेगळ्या तेलात बुडून फिरतं. इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. आणि तेल असतं किती? बहुतेक गाड्यांत दीडशे ते अडीचशे मिलीलीटर. छप्पन दुकानवरचे दोन कट चहा. त्यातलं पन्नास मिलीलीटर गेलं तर चौथा हिस्सा गेला, त्यामुळे "थोडंसंच तर गळतंय" हे वाक्य इथे चालत नाही.

तेल बाहेर पडायच्या वाटा मोजक्याच आहेत. चाकाच्या बाजूचं मोठं सील, शाफ्टच्या बाजूचं पिनियनचं सील, हाउसिंगच्या झाकणाची ओ-रिंग किंवा गॅस्केट, तेल भरायचा आणि काढायचा बोल्ट, आणि ब्रीदर. ब्रीदर म्हणजे आतली गरम हवा बाहेर सोडणारं बारीक भोक किंवा टोपी. त्याची जागा गाडीगणिक बदलते, ती मॅन्युअलमध्ये शोधून ठेवा. माझं सगळं रामायण त्या भोकापाशी घडलं.

२. हाताशी काय हवं

कागदांपासून सुरुवात करा, कारण अडतं तिथेच.

- तुमच्याच मॉडेलचं आणि त्याच वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल. एकाच नावाच्या गाडीत मधल्या वर्षी तेलाचं माप किंवा ड्रेन बोल्टची जागा बदललेली असू शकते.
- आर.सी. आणि चासी नंबर. सील मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही.
- आधीच्या मालकाकडची बिलं, मिळाली तर. सील पूर्वी कधी बदललं होतं हे त्यावरून कळतं.
- टॉर्क रेंच. उसना आणा, पण आणा. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे चकरा सुरू.
- साठ किंवा शंभर मिलीलीटरची सिरिंज आणि तिला बसणारी पारदर्शक नळी. औषधाच्या दुकानात मिळते.
- एलन आणि टॉर्क्स बिट, रबरी हातोडी, ब्रेक क्लीनरचा डबा, रॉकेल नाहीतर डिझेल, ब्रश, जुनी सुती धोतरं.
- टाल्कम पावडर. हो, आंघोळीनंतरची.
- ड्रेन आणि फिलर बोल्टचे नवे वॉशर.

औजारं आणि बेअरिंग-सील सियागंजात एका चकरेत मिळतात. मात्र तिथल्या गर्दीत गाडी घेऊन जाऊ नका, रिक्षाने जा.

३. गळणारं तेल कुठलं?

मागच्या चाकापाशी दिसणारी प्रत्येक ओल क्राउनच्या तेलाची नसते. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या आणि उजेडात बघा.

गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. दाताला दात घासून झिजू नये म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात, त्यांचा तो वास. एकदा नाकात बसला की विसरत नाही. इंजिन ऑइल पातळ आणि काळपट असतं. ते पुढून गळतं आणि वाऱ्याने मागपर्यंत उडत येतं, त्यामुळे अशा गळतीत गाडीचं पोटही बरबटलेलं दिसतं. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं आणि रंगाला फोड आणतं. ते असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ब्रेकचं काम आज करा. मागच्या शॉकअपचं तेल वरून, शॉकअपच्या दांड्यावरूनच ओघळत येतं.

एक फसवी गोष्ट. काही गाड्यांत गिअरबॉक्सलाही तसंच गिअर ऑइल लागतं. गिअरबॉक्सचं मागचं सील गेलं की ते तेल स्विंगआर्मच्या पोटातून वाहत मागे येतं आणि शाफ्टवरच्या रबरी बुटातून टपकतं. दिसतं मागे, फुटलंय पुढे. अशा वेळी दोन्हीकडची पातळी मोजा. कमी कुठे झालंय, त्यावरून चोर सापडतो.

४. धुवा, पावडर मारा, फिरवून आणा

गॅरेजात हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि खर्च पावडरीच्या डब्याएवढाच.

हाउसिंग, रिम आणि बूट रॉकेल-ब्रशने धुवा, पुसा, मग ब्रेक क्लीनर मारून कोरडं करा. क्लीनर रबरावर मुरू देऊ नका. वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुऊन आणायचा मोह होईल, तो आवरा. प्रेशरची धार सीलच्या ओठावर, म्हणजे दांड्याला टेकणाऱ्या रबरी कडेवर, धरली की पाणी आणि रेती आत जाते, आणि ब्रीदरमध्ये गेली तर काय होतं ते पुढे येईलच.

गाडी सुकली की संशयित जागांवर पावडरचा पातळ थर फुंका. ब्रेक डिस्क आणि टायरवर पडू देऊ नका. मग फिरवून आणा. मी खंडवा रोडने सिमरोलपर्यंत जाऊन परत येतो, पस्तीस-चाळीस किलोमीटरांत तेल व्यवस्थित गरम होतं. घरी आल्याबरोबर टॉर्च लावून बघा. पांढऱ्या पावडरीत तेलाची पहिली रेघ कुठून सुरू होते, ती जागा महत्त्वाची. तेल खाली आणि मागे पसरतं, म्हणून सगळ्यात वरची आणि पुढची ओली जागा शोधा. मोबाइलवर फोटो काढा, पाच मिनिटांत ती रेघ पसरून ओळखता येणार नाही.

किती गंभीर आहे हे ठरवायला मी तीन शब्द वापरतो. ओल, ओघळ, थेंब. नुसती ओल असेल, हात लावला तर बोट मळतंय एवढीच, तर पातळी बघत राहा. ओघळ असेल तर पुढच्या मोठ्या फेरीआधी काम करा. थेंब पडतायत, किंवा तेल टायरच्या कडेला वा ब्रेक डिस्कला लागलंय, तर गाडी हलवू नका. मांडूचा बेत ठरलाय, मित्र पोहे-जिलबी खाऊन निघालेत, तरीही नाही. घाटाच्या वळणावर मागचा टायर तेलकट असणं म्हणजे काय ते सांगायला नको.

५. ओल कुठे, त्यावरून निदान

रिमच्या आतल्या बाजूला, हबभोवती गोल ओल असेल तर मोठ्या सीलवर संशय. पण संशयच, शिक्षा नाही. बुटाच्या खालच्या कडेला असेल तर पिनियनचं सील किंवा गिअरबॉक्सचं. झाकणाच्या जोडावर सगळीकडून बारीक ओल असेल तर ओ-रिंग. बोल्टच्या खाली असेल तर दहापैकी नऊ वेळा जुनाच वॉशर परत लावलेला असतो. काही हाउसिंगांना दोन सीलांच्या मधे खाली एक बारीक भोक ठेवलेलं असतं, आतलं सील गेलंय हे कळावं म्हणून. ते भोकच गळतंय असं समजून कुणी सिलिकॉनने बुजवलं, की तेलाने दुसरी वाट धरलीच म्हणून समजा.

ब्रीदरभोवती तेलाचा फवारा उडाल्यासारखं दिसत असेल तर थेट पुढच्या पायरीवर या.

६. पातळी आणि ब्रीदर: सील बदलण्याआधी इथे थांबा

माझे तीन महिने आणि दोन सीलं इथे गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाउसिंगमध्ये तेलाच्या वर हवा असते. गाडी पळाली की दोन्ही तापतात. समजा सकाळी तीस अंशांवर निघालात आणि आतलं तापमान नव्वदपर्यंत गेलं. बंद डब्यातली हवा एवढी तापली की तिचा दाब साधारण पाचव्या हिश्श्याने वाढतो. शिवाय तेलही फुगतं. १८० मिलीलीटर तेल साठ अंशांनी तापलं तर सात-आठ मिलीलीटर जास्त जागा मागतं. ब्रीदर मोकळा असेल तर हवा हळूच बाहेर जाते आणि सीलला काही कळतही नाही.

आता ब्रीदर बंद आहे आणि वर तेलही जास्त आहे असं धरा. हवेला समजा वीसच मिलीलीटर जागा उरली होती. त्यातली आठ तेलाने फुगून खाल्ली, उरली बारा. हवा तापली ती वेगळीच. हिशेब केला तर आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. फिरत्या शाफ्टवरच्या सीलचा ओठ एवढा दाब अडवायला बनवलेलाच नसतो. तो उचलला जातो आणि तेल बाहेर येतं. तुम्ही नवं सील बसवता. ते नवं आणि घट्ट म्हणून चारशे-सहाशे किलोमीटर झुंजतं, मग तेही हार मानतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं.

ब्रीदर का बुजला? पावसाळ्यात जानापावला गेलो होतो. चिखल. परत येऊन ती प्रेशरची धार मीच आडवी-उभी फिरवली होती.

तपासणी अशी: ब्रीदरची टोपी काढता येत असेल तर काढून ब्रेक क्लीनरने धुवा आणि बारीक नळीने फुंकर मारा. हवा सहज गेली पाहिजे. तारेने कोचू नका, आत जाळी किंवा झडप असू शकते. काही गाड्यांत वेगळा ब्रीदर नसतो, हवा दुसऱ्या मार्गाने जाते. तिथे मॅन्युअल सांगेल ते खरं.

आता पातळी. गाडी सपाट जागी, सेंटर स्टँडवर, थंड. फिलर बोल्ट उघडला की तेल भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं दिसावं, अशी बऱ्याच गाड्यांची रीत. मी मात्र गाडी साइड स्टँडवर लावून तेल भरलं होतं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. माझ्या गाडीचं भोक उजवीकडे, म्हणजे ते वर उचललं गेलं आणि कडेपर्यंत भरता भरता भलतंच जास्त तेल आत गेलं. भोक डावीकडे असेल तर उलट होतं. तेल लवकर ओसंडतं, आणि भरलं असं वाटूनही कमी राहतं. ते तर याहून वाईट.

काही गाड्यांत पातळी बघायची सोयच नाही. सगळं काढून मोजून भरायचं, एवढंच. तिथे "अंदाजे" हा शब्द घरी ठेवा आणि सिरिंज वापरा.

ब्रीदर साफ, पातळी बरोबर. आता सगळं पुन्हा धुवा, पावडर मारा आणि दोनशे किलोमीटर चालवा. गळती थांबली तर काम झालं. माझी थांबली. सीलचा ओठ मात्र दाबाने आधीच उलटला असेल तर थांबणार नाही, मग पुढे चला.

७. प्ले बघा, चुंबक बघा

प्ले म्हणजे ढिलेपणा. गाडी सेंटर स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. मागचं चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा, मग तीन आणि नऊच्या. टक-टक लागली तर एका माणसाला चाक हलवायला लावा आणि तुम्ही हात फिरवत राहा, आधी स्विंगआर्मच्या पिव्हटवर, मग हाउसिंग आणि हबच्या फटीवर. पिव्हटवर टक-टक असेल तर पिव्हटची बेअरिंग. हब हाउसिंगच्या तुलनेत हलत असेल तर क्राउनचं मोठं बेअरिंग. बेअरिंग ढिलं असताना शाफ्ट डगमगतो आणि सीलचा ओठ त्याच्याबरोबर नाचतो. अशा गाडीला दहा सीलं बसवा, गळणारच. चाक पुढे-मागे फिरवताना थोडासा मोकळेपणा लागतो तो वेगळा. दातांमधलं तेवढं अंतर ठेवलेलंच असतं.

चाक हाताने हळू फिरवा. गुळगुळीत फिरलं पाहिजे. करकर किंवा अडखळ नको.

मग तेल काढा. त्याआधी, आणि हे वाक्य दोनदा वाचा, फिलर बोल्ट उघडतोय याची खात्री करा. तेल काढून बसलात आणि भरायचा बोल्ट गंजून अडकला, तर गाडी तिथेच. तेल कोमट असताना काढलं की मळासकट येतं.

ड्रेन बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखी पेस्ट असणं नेहमीचं. बोटांमध्ये चोळल्यावर खवले, काटे, तुकडे लागले तर बेअरिंग किंवा दात सुटतायत. तेल दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय. चोरलच्या पात्रात गरम गाडी उतरवली की हाउसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. फोटोला छान दिसतं, क्राउनला नाही.

तापमान बघायला कोरोनात घेतलेली कपाळावरची बंदूक काढली होती. ती माणसाच्या तापापुरतीच, हाउसिंगवर धरली की चूक दाखवते. त्यापेक्षा फेरीनंतर हात टेकवून बघा. नेहमी हात ठेवता येत असेल आणि आज येत नसेल, तर काहीतरी बदललंय.

तुकडे किंवा प्ले सापडला तर इथून पुढे घरगुती काम नाही. क्राउन-पिनियनचं अंतर आणि बेअरिंगचा ताण मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजून शिमांनी, म्हणजे पातळ चकत्यांनी, बसवावा लागतो. हे काम ज्याने केलंय अशा माणसाकडेच द्या.

८. चाकाच्या बाजूचं मोठं सील बदलणं

काही गाड्यांत हे सील बाहेरून निघतं, काहींत झाकण उघडावं लागतं. झाकण उघडायची वेळ आली तर मागे लागलेली प्रत्येक शिम जशीच्या तशी, त्याच क्रमाने ठेवा. "ही पातळ चकती कशाला" म्हणून कुणी फेकली तर गाडी आवाज करत घरी येते.

आधी सील मिळवा, मग गाडी उघडा. सीलच्या अंगावर तीन आकडे असतात, उदाहरणार्थ ३५-५२-७. पहिला आतला व्यास, दुसरा बाहेरचा, तिसरा जाडी, सगळे मिलीमीटरमध्ये. आकडे जुळले म्हणजे सील जुळलं असं मात्र नाही. साधं काळं नायट्राइल रबर शंभर अंशांच्या आसपासच कडक व्हायला लागतं. व्हायटॉन दोनशेपर्यंत टिकतं. काही सीलांवर फिरायच्या दिशेचा बाण असतो. दुकानदार "साइज सेम है" म्हणाला तरी मटेरियल आणि बाण विचारा. शक्य असेल तर कंपनीचंच सील मागवा. दोन आठवडे लागतील, लागू द्या.

पुढचं चाक दोरीने बांधून किंवा ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने आवळून गाडी पक्की करा. मागचं चाक काढा. ब्रेक कॅलिपर निघाला की तो तारेने टांगा, त्याच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका. एबीएसचा सेन्सर आणि त्याखालची चकती जपून काढा.

जुनं सील काढायला लोक पेचकस घालून उचकतात आणि हाउसिंगला ओरखडा पाडतात. तो ओरखडा म्हणजे पुढची गळती. त्याऐवजी सीलच्या पत्र्यावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे किस त्यालाच चिकटतो, आणि टोकापासून तीन-चार मिलीमीटरवर टेप गुंडाळा म्हणजे ड्रिल आत बेअरिंगला लागणार नाही. भोकांत छोटे स्क्रू फिरवून पकडीने आलटून पालटून ओढा. नंतर आत थोडं स्वच्छ तेल सोडून बाहेर काढा, चुकून पडलेला किस त्याबरोबर जाईल.

आता शाफ्टवर नख फिरवा. सीलचा ओठ जिथे टेकतो तिथे खाच पडलीय का? नख अडलं तर नवं सीलही त्याच खाचेवर बसून गळेल. उपाय दोन. जागा असेल तर नवं सील एक-दोन मिलीमीटर वेगळ्या खोलीवर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागी टेकेल. नाहीतर पातळ स्टीलची बाही चढवा. एसकेएफची स्पीडी-स्लीव्ह हे त्यातलं ओळखीचं नाव. बाहीसाठी शाफ्टचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या. हलका गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा, लांबीत घासू नका. लांबीतली रेघ तेलाला पन्हळीसारखी बाहेर आणते.

नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. रबरी ओठाला तेच गिअर ऑइल बोटाने लावा. पण ओठ पांढरट किंवा तपकिरी, प्लॅस्टिकसारखा, म्हणजे पीटीएफईचा असेल तर तो कोरडाच बसवायचा असतो. तिथे तेल लावलं तर सील नीट बसत नाही. सीलबरोबर आलेली चिठ्ठी टाकून देऊ नका.

स्प्लाइनवरून, म्हणजे शाफ्टच्या लांबट दातांवरून, ओठ जाताना फाटू नये म्हणून त्यावर जाड प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा. सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या, त्यावर लाकूड ठेवा आणि हलक्या हाताने, फिरत फिरत ठोका. एका बाजूने तिरकं गेलं की थांबा. ओढून काढा आणि पुन्हा नव्याने सुरू करा. मी तिरकं गेलेलं सील सरळ करायला गेलो आणि त्याची स्प्रिंग आत सुटली. तो रविवार वाया गेला.

ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर पॅड नवे घ्या. भाजून, घासून वापरायचे सल्ले मिळतील, ऐकू नका. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा.

९. पिनियनचं सील

हे घरी करू नका. पिनियनची नट प्रचंड घट्ट असते, वर थ्रेड लॉक लावलेलं, ती गरम करून खास पान्ह्याने सोडवावी लागते. हाउसिंग काढून पिशवीत घालून जाणत्या माणसाकडे न्या, मजुरी वाचेल. हाउसिंग सुटलेलंच असताना शाफ्टच्या स्प्लाइन बघा. गंजाची लाल भुकटी असेल तर पुसून मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस, बहुधा मॉलीवालं, पातळ लावा. बूट फाटला असेल तर बदला आणि त्याची कडा खोबणीत नीट बसली का ते बोट फिरवून बघा.

१०. तेल भरणं

दुकानात जाऊन "ईपी-नव्वद द्या" म्हणू नका. मॅन्युअलमध्ये बहुधा हायपॉइड, जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं. ईपी-९० नावाने विकलं जाणारं पुष्कळ तेल जीएल-४ दर्जाचं असतं आणि क्राउन-पिनियनच्या घासून फिरणाऱ्या दातांना ते पुरत नाही. डब्यावर जीएल-५ वाचा, मगच पैसे द्या. गळती थांबावी म्हणून १४० नंबरचं जाड तेल घालणं, किंवा रबर फुगवणारी औषधं घालणं, हे विकायच्या गाडीचे उद्योग आहेत.

नवा वॉशर लावा, ड्रेन बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. आकडा बहुधा तुमच्या मनगटाला वाटतो त्याहून कमीच निघतो. सिरिंजने मोजून तेल भरा, घाई केली की बुडबुड्याने उलटं येतं. गाडी सेंटर स्टँडवर आहे ना, ते परत एकदा बघा. मी आता बघतो.

११. पहिली फेरी आणि उरलेलं तेल

चाक लावल्यावर निघण्याआधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, कॅलिपर काढला होता. पहिल्या फेरीनंतर सीलभोवती किंचित ओल दिसली तर घाबरू नका, बसवताना लावलेलं तेल बाहेर येतं. पुसा. पन्नास, दोनशे आणि पाचशे किलोमीटरवर टॉर्च लावून बघा आणि तारीख, किलोमीटर, किती मिलीलीटर भरलं हे वहीत लिहा. पुढच्या वेळी पातळी मोजाल तेव्हा याच आकड्याशी ताडून बघता येईल.

काढलेलं तेल मोरीत किंवा नाल्यात ओतू नका, कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका. बाटलीत भरा, बाटलीवर लिहा, आणि ज्या गॅरेजात जुन्या तेलाचा ड्रम असतो तिथे देऊन या. मी माझी बाटली त्याच उस्तादांकडे घेऊन गेलो. त्यांनी ब्रीदरची गोष्ट ऐकली, बाटली ड्रममध्ये रिकामी केली, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या शाफ्टवाल्या गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "भिया, इसका छेद कहाँ होता है?"